नऊ इंचांची फळी

पुस्तकाला नऊ इंच खोली लागते.
हे मला पुण्याहून आलेल्या नकाशानं सांगितलं.
तोवर मी साड्यांच्या दुकानांतली कपाटं करायचो,
अठरा इंची, घडी आत सरकावी म्हणून.

सात रस्त्याजवळ, पहिला मजला,
त्या साखळीचं एकतिसावं दुकान.
"एकतीसच्या एकतीस सारखी दिसली पाहिजेत, इरण्णा,"
साइटवरचा पोरगा म्हणाला.
नागपूरच्या माणसानं डोळे मिटून यावं
आणि पाकशास्त्र त्याला डाव्या हाताला सापडावं.
सापडेल की, मी म्हटलं.
पण आमची भिंत काटकोनात नव्हती.
दीड इंचाचा तो फरक मी एका पाचरीत लपवला,
'प्रवासवर्णन'च्या मागं.
एकतीस दुकानांत आमचं असं तेवढंच.

उन्हाळ्यात माणसं एसीसाठी यायची,
खोटं कशाला सांगू. बाहेर चव्वेचाळीस.
गिरणी बंद पडल्यापासून मोकळे झालेले
नरसप्पा चिलवेरी रोज अकराला हजर.
पुस्तक उघडायच्या आधी
बांधणीच्या कापडावरून अंगठा फिरवायचे,
ताणा मोजल्यासारखा.
मग दोन पानं, उभ्यानंच.
खुणेला कोपरा दुमडायचे नाहीत. पान ध्यानात.
दुसऱ्या कुणी ते पुस्तक मागितलं
की कोडम मॅडम काउंटरवरून सांगायच्या,
स्टॉक संपला.

मग मला बोलावणी यायला लागली.
आधी कवितेच्या दोन फळ्या काढून
तिथं चहाकॉफीचे मग.
मग खेळणी. खेळण्याला चौदा इंच लागतात.
नऊला पाच जोडले, सांध्यावर सनमायका.
मग दप्तरं, त्यांना फळीच नको, नुसते आकडे.
मग अत्तरं, म्हणजे काच, आणि आतून दिवा.
दर वेळी मॅडम मेलचा कागद धरून उभ्या,
"इरण्णा, ह्या बाजूला नका हात लावू एवढ्यात."
त्यांचं ते एवढ्यात
एकदा सहा महिने टिकलं.

शेवटचं काम तोडायचं.
रात्रीचं, खाली टेम्पो लावून.
पुस्तकं आधीच खोक्यांत गेलेली,
पुण्याला का किलोवर, मी विचारलं नाही.
रॅक हलवले तर खाली फरशी नवीकोरी,
आणि मधल्या वाटा मळलेल्या, गुळगुळीत.
एका जागी दोन पावलांएवढं जास्तच.
पाचर निघाली. खिशात टाकली.

आता तिथं मोबाईलचं दुकान.
सगळं पांढरं. फळी एक नाही.
कमरेएवढी टेबलं, एकेक फोन,
दोन फोनांच्या मधे हातभर काही नाही.
नकाशात तसं लिहूनच आलं होतं: इथे रिकामे.
ते कामही मीच केलं. पैसे वेळेवर मिळाले,
पुस्तकवाल्यांपेक्षा लवकर.

जुन्या फळ्या मजुरीत वळत्या करून घेतल्या.
आमच्या स्वयंपाकघरात बेतात बसल्या,
शेंगाचटणीच्या डब्याला नऊ इंच पुरतात.
पट्ट्यांवरची अक्षरं खरवडायची राहून गेली.
लोणचं आत्मचरित्रात, हळद विज्ञानात.
मीठ कुठंय बे, विचारलं
की पोरगी आतून ओरडते,
"अनुवादित!"

परवा नवी पेठेत कोडम मॅडम दिसल्या.
कापडाच्या शोरूममध्ये आहेत, तेही साखळीचंच.
घड्या घालता घालता म्हणाल्या,
"नरसप्पांचं एकशे बाराव्या पानावर राहिलं होतं.
ते पुस्तक मी खोक्यात टाकलं नाही.
घर माहीत आहे का तुम्हाला त्यांचं?
अशोक चौकाच्या पुढं कुठंतरी, म्हणायचे."

मला त्यांची
उभं राहायची जागा तेवढी माहीत.
तिच्यावर आता व्हिट्रिफाइड आहे.
बघतो, म्हटलं,
आणि खरंच त्या बाजूला निघालो,
कुणाला काय विचारायचं ते न ठरवता.