तिसरा रकाना

नगरपालिकेनं माझ्या हाती वही दिली, रकाने आखून:
नाव. वय. घर क्रमांक. सूचना.
गावच्या जुन्या धुणीघराचं पुढे काय करायचं
ते रहिवाशांनी सांगायचं,
मी लिहायचं.

पहिली सभा शाळेत.
आलो पाचजण,
त्यातले दोघे तिथला हीटर चालतो म्हणून.
लिस्बनहून आलेल्या कॉन्स्टान्सानं
थर्माकोलचं गाव टेबलावर मांडलं:
टाक्यांच्या जागी कॅफे, काडेपेटीएवढी बाकं,
स्पंजाची हिरवी झाडं.
आमादेउ म्हणाला, पार्किंग.
पुन्हा विचारलं तर पुन्हा म्हणाला, पार्किंग.
बाकीच्यांनी बिस्किटं खाल्ली.

झुल्मिराबाई उठताना म्हणाल्या,
ज्याच्याबद्दल बोलायचं
त्याला घरी ठेवून आलात होय?
उचला खुर्च्या.

दुसरी सभा मग टाक्यांपाशीच.
चारी बाजू उघड्या, वर कौलं,
दोन्हीकडे बारा बारा तिरके दगड,
आणि डोंगरातून येणारं पाणी,
ज्याला धुणीघर बंद झाल्याचं
कुणी कळवलेलंच नव्हतं.

झुल्मिराबाईंनी घरून गालिचा आणलेला.
हात रिकामे असले की माझं तोंड उघडत नाही, म्हणाल्या
आणि साबण लावला.
तेव्हा कुठे गाव बोलायला लागलं.
हा दगड ग्रासिंडाचा, इथे तिचं लग्न मोडलं.
हा कुणाचाच नाही, इथे सुईणी कपडे धुवायच्या.
घरची धुणी चव्हाट्यावर धुवू नयेत म्हणतात,
आमच्या बायांना चव्हाटा मिळाला
तोच धुण्यासाठी.
मी भराभर लिहीत होते.
चौथा रकाना भरून
समासात, समासातून मागच्या पानावर.

मग झुल्मिराबाईंचा हात थांबला.
टोकाचे तीन दगड.
इथे शेवाळ कसं नाही?

कुणी बोललं नाही.
सगळ्यांच्या मागे, निलगिरीपाशी,
बादली घेऊन एक बाई उभी होती,
गमबुटांवर हरितगृहाची लाल माती.
दिलमाया घले. रास्पबेरी तोडते.
तोडक्यामोडक्या पोर्तुगीजमध्ये म्हणाली,
आम्ही अकराजणी. रात्री, पाळी सुटली की.
एक शब्द तिला सापडेना,
तेव्हा स्वतःचाच म्हणाली, लुगा,
आणि बादलीतलं ओलं उचलून दाखवलं.

म्हणजे आम्ही ज्याचं भविष्य ठरवत होतो
त्याचा वर्तमान चालूच होता,
अंधारात, आम्ही झोपल्यावर.

नाव लिहिलं. वय एकोणचाळीस.
तिसऱ्या रकान्याशी पेन अडलं.
कंटेनर सात, ती म्हणाली,
मालकाच्या शेतात, तारेच्या आत.
कुणीतरी पुटपुटलं: मग रहिवासी कशी?
आमादेउ खेकसला,
कंटेनरबिंटेनर कशाला, नुसतं सात लिही.
गावातलं सात नंबरचं घर माझं आहे.
मी सात लिहिलं.

सूचना?
एक दिवा, ती म्हणाली. आणि थोडं थांबून,
पाणी तोडू नका.

कॉन्स्टान्सानं थर्माकोलचं गाव
डिकीत ठेवलं, काही न बोलता.
स्पंजाचं एक झाड तेवढं खाली पडलं,
ते टाक्यात तरंगत राहिलं.
आमादेउचं म्हणणं बदललं नाही,
फक्त पार्किंग आता
रस्त्याच्या पलीकडे सरकलं.

काल नगरपालिकेचं पत्र आलं:
एकाच घर क्रमांकावर दोन कुटुंबं दिसतात,
खुलासा करावा.

खुलासा अजून केलेला नाही.
दिवाही अजून लागलेला नाही.
रात्री साडेदहाला मी टॉर्च घेऊन खाली जाते,
टोकाच्या तीन दगडांवर धरते.
अकराजणी पाळीपाळीनं येतात,
दिलमाया शेवटी.
काल तिनं माझ्या हातातली टॉर्च घेतली,
खांबाच्या खिळ्याला टांगली
आणि मोकळ्या झालेल्या माझ्या हातांत
पिळायला
चादरीचं दुसरं टोक दिलं.