आठ की तीन

जानेवारीचा तिसरा मंगळवार, टोलेडो.
पूर्वी इथे बुटांचं दुकान होतं.
भिंतीवर अजून रॅकच्या खुणा, मापाची एक पट्टी.
आता मी मोजते पगार, मुलं, दवाखान्याची बिलं,
एप्रिलच्या मध्यापर्यंत. मग शटर खाली.

व्हर्नेटा स्ट्रिकलर आली. बुटांवर
रस्त्यावरच्या मिठाचे पांढरे ओघळ.
पर्समधून काढला एक कागद,
चार घड्यांचा, जुन्या फडक्यासारखा मऊ.
'डिसेंबरची पगाराची चिठ्ठी. हिच्यावर रिटर्न भर.'

कंपनीचा फॉर्म?
'येईल तेव्हा येईल. गॅसवाले थांबत नाहीत.'

मी नियम सांगितला, रोज दहादा सांगते तसा:
मालकाकडून वर्षाचा कागद आल्याशिवाय
रिटर्न पाठवता येत नाही.
त्याला मुदत महिनाअखेरची. नाहीच आला,
तर फेब्रुवारी सरल्यावर सरकारला फोन,
मग पर्यायी फॉर्म, मग अंदाज.
ती ऐकत होती, विमानात माणसं
जीवरक्षक जाकिटाची माहिती ऐकतात तशी.

'समोरचा करून देतो.'

समोर, रस्त्यापलीकडे, हिरव्या झग्यातलं एक पोरगं
फोमचा मुकुट घालून बोर्ड नाचवत होतं:
आज या, आज पैसे घेऊन जा.
करून देतो तो, मी म्हटलं.
आणि मार्चमध्ये त्याच्या गिऱ्हाइकांना आलेली सरकारी पत्रं
माझ्या टेबलावर येतात, न फोडता.

तरी कागद दिव्याखाली धरलाच.
धुतला गेला होता.

एकोणीस वर्षं ती वृद्धाश्रमाच्या लाँड्रीत.
दुसऱ्यांचे खिसे तपासण्यात तिचा हात कोण धरणार?
कवळ्या सापडल्या, श्रवणयंत्रं,
एकदा मेलेल्या नवऱ्याला लिहिलेलं पत्र,
ते तिने वाळवलं, इस्त्री केलं, म्हातारीच्या उशाशी ठेवलं,
वाचलं नाही म्हणते.
आणि स्वतःचा खिसा तेवढा राहिला.

तास पुसलेले. दर पुसलेला. कापलेला कर शाबूत.
खाली उजवीकडे वर्षाची एकूण कमाई:
वीस हजारांच्या पुढे काहीतरी,
पण हजाराच्या घरात नुसती एक सावली.
इंग्रजी आठ डावीकडून झिजला की त्याचा तीन होतो.
आठ की तीन?
पाच हजार डॉलर, साबणाच्या पाण्यात.

'कुठला लिहिलास तर जास्त परत मिळतात?'

मला उत्तर माहीत होतं.
तीन.
कमी कमाई, घरात शाळकरी नातू,
सवलतीचं कोष्टक मला तोंडपाठ आहे.
मी स्टेपलरमध्ये पिना भरत बसले.
त्याच्यात पिना होत्या.

तिने माझ्याकडे पाहिलं. मग कागदाकडे.
नातवाच्या बुटांबद्दल काही बोलली,
मला नीट ऐकू आलं नाही, हीटर घरघरत होता.
मग एकदम, कुणी आरोप केल्यासारखी:

'आठ आहे तो.
ऑगस्टमध्ये तीन पोरी काम सोडून गेल्या.
नाताळपर्यंत दोन्ही पाळ्या मी ओढल्या.
सगळ्या मजल्यांच्या चादरी, एकटीने.
तीन कसा असेल?
माझ्या गुडघ्यांना विचार, आठ आहे.'

मी मान डोलावली.
गॅस कंपनीच्या मदत खात्याचा नंबर
एका पिवळ्या चिटोऱ्यावर लिहून दिला.
फॉर्म आला की सरळ ये, रांगेत बसू नकोस, म्हटलं.
एवढंच माझ्या हातात होतं,
हे बोलतानाच किती थोडं वाटलं.

तिने कागदाची पुन्हा चौघडी केली.
या वेळी खिशात नाही, हातमोज्यात सरकवली.

काचेतून पाहत राहिले.
डावीकडे बसथांबा. समोर तो हिरवा झगा.
कडेला ती जरा थांबली,
तेवढ्यात मधून बर्फ काढणारी गाडी गेली,
सावकाश, मीठ उडवत.

गाडी गेली तेव्हा कडेला कुणी नव्हतं.
पोरगं नाचत होतं.
वाऱ्याने त्याच्या हातातला बोर्ड उलटा फिरला होता
आणि त्याला कुणी सांगितलं नव्हतं.