किरकोळ

ताट साडेसहाशेचं,
त्यात जिलबी; मठ्ठ्याचे वेगळे.
खानविलकर केटरर दोनदा सांगतो,
"ताई, पंगत असती तर पाचशेत बसवलं असतं,
पण आता खाली बसून जेवतं कोण?"
मी लिहून घेते.

आईच्या यादीत चारशे वीस माणसं.
मी म्हणते, दोनशे ऐंशी.
"माणसं अशी खोडरबरानं पुसतात का गं?"
मग आम्ही दोघी पुसायला बसतो.
कन्नमवार नगरातल्या जुन्या बिल्डिंगीतले,
जे रीडेव्हलपमेंटच्या भाड्यावर बदलापूरला गेले
ते तिकडचेच झाले;
बाबांच्या कारखान्यातले फिटर,
ज्यांचे फोन आता सुना उचलतात;
कुडाळची आत्या, जी बोलावलं तर येणार नाही
आणि नाही बोलावलं तर नक्की येईल.
आत्याला ठेवलं.
एक्क्याण्णव हजार वाचले.
आई उठून गॅस बारीक करून आली,
गॅसवर काही नव्हतं.

हॉल मुलुंडचा, सात ते तीन.
तीनला पाच मिनिटं झाली की विजेचे पैसे वेगळे.
मुहूर्त बारा बावन्नचा.
जरा अलीकडे नाही का सरकत, गुरुजींना विचारलं.
म्हणाले, "सरकवणारे गुरुजी आहेत,
त्यांचा नंबर देतो. दक्षिणा दुप्पट घेतात."

निमिषाला ड्रोन हवाय.
हॉलला छप्पर आहे बाई, मी म्हणते,
ड्रोन काय पंख्यांचे फोटो काढणार?
ती रुसली. शालूवर मिटवलं.

हिशेबाला तूच हवीस, सगळे म्हणतात,
पतपेढीत आहेस ना.
पतपेढीमुळे नाही, हेही सगळ्यांना ठाऊक आहे.

माझ्या वेळी वहीच घातली नव्हती.
घरातलं पहिलं कार्य, होऊ दे खर्च.
घोडा होता. घोड्यालाही फेटा होता.
लग्न चौदा महिने टिकलं.
हप्ते साठ.
शेवटचा गेल्या मार्चमध्ये गेला,
त्या संध्याकाळी बाबांनी नाक्यावरून
पाव किलो फरसाण आणलं.
कशाबद्दल, कुणी विचारलं नाही.
सगळ्यांनी खाल्लं.

आता रकाने आखलेत:
हॉल, जेवण, कपडे, सोनं, मानपान
(मानपानापुढे माझं पेन्सिलीचं प्रश्नचिन्ह,
त्यावर आईचा पेननं लिहिलेला आकडा)
आणि तळाला किरकोळ,
ज्यात घरं बुडतात.

रात्री साडेअकराला बाबा वही मागतात.
बेरीज तपासतात अंगठ्यानं,
नटाचे आटे चाचपावेत तशी.
चुकलेली नाही, याचं त्यांना वाईट वाटतंय की काय.
मग माझंच पेन घेऊन
किरकोळखाली, तिरक्या अक्षरात:
टॅक्सी, रात्रीची.
पुढे आकडा नाही.

मी कल्याणहून आले होते, दोन बॅगा
आणि मिक्सर, कारण तो माझा होता.
आठशे दहा झाले.
बाबा बनियनवर खाली उतरले,
पाचशेच्या दोन नोटा दिल्या
आणि सुटे परत घेतले नाहीत.
जो माणूस भाजीवाल्याशी
दोन रुपयांसाठी उन्हात उभा राहतो.

"किती धरू?"
"तू धर," म्हणाले. "उरले तर उरले."

निमिषाचं सासर पनवेलला.
मी अंतर काढलं, रात्रीचा दर लावला,
टोल धरला,
सामान जास्त असेल म्हणून थोडे वर.
आणि लिहिलं, पेननं.

सकाळी ती वही चाळत, ओल्या केसांनी:
"ही रात्रीची टॅक्सी कुणाला?"
"गुरुजींना."
"बरं," ती म्हणाली,
आणि पुन्हा ड्रोनचं काढलं.