बांधावरचं झाड

माझं खालचं, भाताचं. तिचं वरचं, मक्याचं.
मधे बांध, बांधावर झाड.
लगमव्वा म्हणते होंगे, मी म्हणते करंज.
शेंग मात्र एकाच रीतीनं फुटते:
दगडावर उभी धरायची, वरून वरवंट्याचा तुकडा.
जोर जास्त झाला तर बी चेचतं, बोटही.

इटगीहून नंदगडच्या घाण्यावर
एसटीच्या मागच्या सीटखाली आमची दोन पोती.
तेल उतरतं तांबूस, कडू,
वास असा की कंडक्टर येताना खिडकी उघडायला लावतो.
बैलाच्या खांद्याला, शेळीच्या खरजेला,
लगमव्वाच्या गुडघ्यालाही तेच.
पेंड दिसायला शेंगदाण्याचीच.
नवीन म्हैस फसली एकदा,
हुंगलं, आणि माझ्याकडे असं बघितलं
जसं मी तिच्या माहेरचं काही काढलंय.
ती पेंड उसाच्या बुडाला.
हुमणीला काय वाटतं ते हुमणी जाणे,
तेवढ्या पट्ट्यात ऊस पिवळा पडला नाही.

औंदा तिचा बसू टेप घेऊन आला.
सकाळची सावली माझ्यात, दुपारनंतरची त्याच्यात.
सहा सऱ्या, म्हणाला. सहा सऱ्यांत कणसाला दाणा नाही.
खोटं नव्हतं. मी मोजली होती ती कणसं.

दुसऱ्या दिवशी कापायचं मशीन.
माझ्यात चिखल तयार, रोपं पेंढ्या बांधून बसलेली.
लगमव्वा बुंध्याला टेकून
उरलेल्या शेंगा फोडत होती.
उठली नाही. बोललीही नाही.
त्यानं दोरी ओढली. मशीन कुंथलं, साखळी कोरडी.
एक डाव, दोन डाव.
तिनं कनवटीची बाटली काढून पुढं सरकवली.
बसूनं बाटलीकडं बघितलं, मग वर, फांद्यांत.
बराच वेळ.
तेल घातलंन त्यानं.

त्याच्या अंगाची फांदी गेली, मग तिच्या वरची.
तिसरीला तिनं हात वर केला:
साकु.

पाला कुणाचा, हे कुणी विचारलं नाही.
बसूनंच ओढत आणला बांधाच्या खाली,
चप्पल काढली, विजार वर खोचली
आणि माझ्या चिखलात तुडवायला लागला.
आठ दिवसांनी त्याचा वास सुटेल,
मग तो वास जाईल, आणि लावण.

मक्याला ऊन लागतंय आता. चार सऱ्यांना.
दोन अजून सावलीत आहेत.