बाहुली मोठी होईपर्यंत

एक किलो ऐंशी ग्रॅम.
एवढी तर पानं आणते मी विडी कारखान्यातून,
ओल्या फडक्यात गुंडाळून.

सिस्टर म्हणाल्या, कोपरापर्यंत हात धुवा. परत धुवा.
धुतले.
तंबाखू नखांच्या मुळाशी राहतेच,
म्हणून नखं न लावता धरलं तुला.

नाव अजून नाही. पायाच्या पट्टीवर
'भूलक्ष्मीचं बाळ, मुलगी, एकतीस आठवडे'.
आज तिसावा दिवस. आज डोळे.
मला वाटायचं, काचेतून बघते ती माझ्याकडे.
डॉक्टर म्हणाले, तेच तर बघायचंय.

दर पंधरा मिनिटांनी एक थेंब.
ओळीने सहा पेट्या, सहा आया,
एक अक्कलकोटची, एक थेट इंडीहून आलेली,
तिला मराठी कमी, पण थेंब मोजता येतात.
"बाहुली मोठी झाली का बघते,"
सिस्टर बॅटरी मारून जातात.
मुली मोठ्या व्हायला घरात वर्षं लागतात,
इथं पाऊण तास.

हे पाळी सोडून आले, अंगावर अजून कापसाची धूळ,
म्हणून दाराबाहेरच.
कपाळाला दिवा बांधून डॉक्टर वाकले.
पापण्यांत तारेचा चिमटा.
ती ओरडली,
एवढ्याशा वजनात एवढा आवाज कुठे ठेवला होता?
जिभेवर साखरपाण्याचा थेंब, सिस्टरच्या हातून.
माझे हात धुतलेले, रिकामे.

मग बाहेर येऊन कागदावर गोल काढला.
"पडद्याच्या रक्तवाहिन्या इथवर आल्यात.
कडेपर्यंत पोचायच्या आधीच जन्मली ना."
हे म्हणाले, कळलं साहेब,
टॉवेल पुरा व्हायच्या आधीच मागावरून काढला.
डॉक्टर हसले. मी नाही.
टॉवेल बिघडला तर दुसरा लावतात.

"शुक्रवारी परत बघू. चुकवू नका.
वाढलंच तर लेसर, लगेच.
उशीर झाला तर मग बघून उपयोग नाही."
बघून, असंच म्हणाले ते.

विडीच्या कार्डामागे लिहून घेतलं:
शुक्रवार, अकरा, डोळे.
त्या दिवशी माल द्यायचा असतो.
हजार कमी जातील, जाऊ देत.

फाटकापाशी अत्ता डबा घेऊन उभी.
आमच्या तेलुगूत कन्नु म्हणजे डोळा,
आणि लाडक्या लेकराला म्हणतात कन्ना.
जन्मभर ऐकलं,
दोन्ही शेजारी ठेवून पाहिलं नव्हतं कधी.

"कन्ना कशी आहे?" तिने विचारलं.
डबा अजून गरम होता.
मी म्हटलं, शुक्रवारी सांगते.