अर्धा इंची

मशीन दहा वर्षांचं. पहिल्या पगारातलं.
डावीकडचं झाकण मी कधीच लावत नाही,
मे महिन्यात टेबलफॅन थेट त्याच्या पोटात सोडते,
तरी लढाई रंगात आली की चित्र अडखळतं,
शत्रू उडी मारतो
आणि हवेतच विचार करत बसतो.

बोनस झाला त्या संध्याकाळी सिल्व्हर मॉल,
मुफद्दलचा काउंटर:
सगळ्यात मोठं ग्राफिक्स कार्ड दाखव.
त्यानं दाखवलं नाही.
आधी प्रोसेसर विचारला. मग मदरबोर्ड.
मग एसएमपीएस किती वॅटचा,
स्थळ बघायला आलेल्या मावशीसारखं
एकेक काढून घेतलं, आणि म्हणाला,
"दीदी, पैसे तो मैं ले लूँगा,
लेकिन आधा कार्ड आपके यहाँ बैठा रहेगा."

घरी येऊन अण्णांना सांगितलं. उगाच.
ते समोर घेवडा निवडत बसले होते म्हणून.

अण्णा एकतीस वर्षं जलूदला, पंपावर.
नर्मदा घाट चढवून इंदूरला आणायची, ही त्यांची नोकरी.
अजूनही शेजारीण विचारते, "नर्मदा आली का हो?"
तर त्यांना वाटतं, आपल्यालाच विचारलं.
घेवड्याची शीर लांबवर ओढत ते म्हणाले,
"खाली पंप दुप्पट केला म्हणून
सुदामा नगरात बादली लवकर भरत नाही.
तुझ्या घरात नळ अर्धा इंचीच.
दाब तेवढा वाढतो. मग कुठला तरी जोड सुटतो
आणि रात्री अडीचला जीप येते मला न्यायला."

विजेच्या बिलाची पाठकोरी बाजू पुढे केली.
"तुझी लाइन काढ."
काढली. हार्डडिस्क, रॅम, प्रोसेसर, कार्ड, पडदा.
"आता कोण किती भरून वाहतंय ते लिही."

जेवणं झाल्यावर खेळ चालू ठेवून
आम्ही दोघं कोपऱ्यातले आकडे वाचत बसलो.
रॅम काठोकाठ.
हार्डडिस्क शंभरावर, धापा टाकत.
प्रोसेसर सत्त्याण्णव, अठ्ठ्याण्णव.
आणि कार्ड, ज्याला मी वर्षभर शिव्या घातल्या,
एकोणसाठ.
"कोरडं आहे गं ते," अण्णा म्हणाले.
"वरून पाणीच येत नाही त्याला."

मुफद्दलकडून मग छोट्या छोट्या पुड्या आल्या.
रॅमची दुसरी पट्टी, पहिलीच्या वेगाची,
एक एसएसडी, बिस्किटाएवढी,
त्याच सॉकेटात बसणारा कुणाचा तरी जुना, थोराड प्रोसेसर,
पेस्टची ट्यूब. ती अण्णांनी लावली,
वॉशरला ग्रीस लावावं तशी, जरा जास्तच.
कार्ड तेच ठेवलं.
पैसे उरले. त्याचं मला खरं तर वाईट वाटलं,
त्या मोठ्या चकचकीत खोक्याचं मन अजून गेलेलं नाही.

बटण दाबलं. पंखे फिरले. काहीच झालं नाही.
पट्टी काढून पुन्हा दाबून बसवली, खट्ट आवाज येईपर्यंत.
मग आलं.

साठ. साठ. साठ.
आकडा हलेना. शत्रू उडी मारून खाली यायला लागले.
"मला दे," अण्णा म्हणाले,
तर ट्रकचा खेळ लावून दिला, घाटातला.
त्यांनी खुर्ची पुढे ओढली, चष्मा कपाळावरून खाली घेतला.
पहिलं वळण आलं,
ते त्यांनी बघितलं, "वळण," असं म्हणालेसुद्धा,
आणि बोट बटणापर्यंत पोचेतो
ट्रक दरीत.
पुन्हा. पुन्हा दरीत.

कोपऱ्यात साठ. कुठलीच पट्टी लाल नाही.

"अजून अडतंय का गं कुठं?"
मी म्हटलं, हो, थोडं अडतंय, थांबा, बघते.
आणि त्यांच्या खांद्यावरून हात घालून
ट्रकचा वेग दोन घरं खाली आणला.