वाकडं अंगण

बफेलोच्या पूर्वेकडचा हा जुना पोलिश हॉल,
बाहेर गुडघाभर बर्फ, आत शिळ्या बिअरचा वास,
आणि लाकडी जमीन बारच्या बाजूला खरोखरच उतरती.
काचेची गोटी ठेवली तर आपली आपण घरंगळत
काउंटरच्या पायाशी जाऊन थांबते.
मी ठेवून पाहिली आहे.
त्यामुळे इथे हरलेल्या प्रत्येकाकडे
एक खरं कारण असतं.
मीही ते वापरलं. दोनदा.

आता मी नाचत नाही. उजव्या गुडघ्यात दोन स्क्रू,
हातात क्लिपबोर्ड आणि पेन्सिल.
पेनाने लिहिलं की माणसं खोडत नाहीत,
आणि न खोडणारा परीक्षक मला बघवत नाही.

लिंडी हॉपची अंतिम फेरी. जोड्या चिठ्ठ्या टाकून लावलेल्या:
टोपीतून ज्याचं नाव निघेल
त्याच्याशी तीन मिनिटं संसार.

पाचव्या जोडीत कॉर्बिन, वय तेवीस,
पाऊल असं टाकतो की जमीन जणू त्याचं देणं लागते.
समोर व्हर्लीन टिबेट्स,
गेल्या जूनमध्ये टपालखात्यातून निवृत्त,
अजूनही चालताना डाव्या खांद्यावरची
नसलेली पिशवी तोलणारी.

तो गिरकी घेतो, आमच्या टेबलाकडे बघतो.
पाय उडवतो, आमच्या टेबलाकडे बघतो.
दुसऱ्या कडव्यात, सातव्या ठोक्याला, ती चुकली.
(चुकली, असं शेजारच्या ऑगस्टीनने लिहिलं.)
मला दिसलं ते असं:
ट्रॉम्बोनवाला म्हातारा सूर गाठता गाठता घसरला
आणि ती त्याच्यासाठी थांबली.
एखाद्या दारात, सही हवी असताना,
आतून हळूहळू काठी टेकत कुणी येतंय
हे ऐकून थांबत असेल
तशी.
म्हाताऱ्याने भुवई उचलली. सूर आला.
ती हसत समेवर उतरली.

कॉर्बिनला यातलं काही कळलं नाही.
तो तेव्हा हवेत होता.

कागदावर रकाने तीन: ताल, तंत्र, जोडी.
थांबण्याला रकाना नाही.
मी पाचव्या जोडीला पहिला क्रमांक दिला, खोडला,
चौथा दिला, खोडला,
कागद पार विरविरीत झाला तेव्हा
पुन्हा पहिला.
बाकी चौघांनी सहावा.
बहुमताच्या हिशेबात माझा आकडा
गोड न करताच विरघळला.

चोवीस वर्षांपूर्वी असाच एक एकटा 'पहिला'
माझ्याही नावापुढे होता, चार 'सहाव्यां'च्या गर्दीत.
कुणी दिला, अजून माहीत नाही.
मी पुष्कळ वर्षं त्या बाकीच्या चौघांशी भांडत होते, मनातल्या मनात,
आंघोळ करताना, सिग्नलला.
तो कागद गाडीच्या खणात असायचा.
गाडी विकली तेव्हा आधी तो काढून घेतला,
मग विम्याचे कागद.

साडेअकराला कॉर्बिन कोटाची बटणं लावत आला.
"खरं सांगा, कुठे कमी पडलो?"
मी सांगितलं: खांद्यात ताठरपणा आहे,
वजन टाचेवर फार लवकर येतं,
उडी सुरू करतोस छान, संपवतोस घाईत.
सगळं खरं होतं. तो फोनवर टिपून घेत होता.
मग मी विचारलं, "तिचं नाव काय?"
"कुणाचं?"
आणि लगेच, कानापर्यंत लाल होत,
"इथली जमीन जरा वाकडी आहे, नाही?"

"आहे," मी म्हणाले.

खिडकीतून पार्किंग दिसत होतं.
व्हर्लीन गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडत होती,
मध्येच थांबून हातांवर फुंकर घालत.
कॉर्बिन दारात उभा, फोन खिशात.
तो पुढे गेला की नाही ते मी पाहिलं नाही.
गुडघा ठणकत होता,
आणि अजून साठेक खुर्च्या
आवरायच्या होत्या.